पान तीन, खालून दुसरी ओळ

ताईंच्या घरचा फोन सव्वीस दिवस वाजत होता, आणि त्याला कारण डॉक्टर होते.

डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी गावातली कुत्री त्यांना पाहून अजून रस्ता बदलत. बायको आमदार झाल्यापासून 'आमदारबाईंचे मिस्टर' अशी त्यांना बढती मिळाली होती, आणि ती त्यांनी कुरकुर न करता स्वीकारली होती. दर महिन्याला मतदारसंघातल्या घराघरांत जाणाऱ्या 'आपल्या माहितीसाठी' या चार पानी पत्रातलं तिसरं पान त्यांच्याकडे असे. पहिल्या पानावर आमदारबाईंचं मनोगत, दुसऱ्यावर सभागृहात काय झालं ते, चौथ्यावर फोटो. तिसऱ्यावर लोकांच्या कामाचं. चाकाची खुर्ची उसनी कुठे मिळते, ग्रंथालय कोणत्या वारी बंद, डोळे फुकट कुठे तपासतात, मांजराला लस कधी टोचायची. लोक पहिलं पान वाचतात असा आमदारबाईंचा समज होता. तिसरं पान लोक कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात, हे डॉक्टरांनी घरोघर डोळ्यांनी पाहिलं होतं आणि बायकोला कधी सांगितलं नव्हतं. सुखाच्या संसारात काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात.

गेल्या महिन्याच्या अंकात या पानाच्या तळाशी, खालून दुसऱ्या ओळीत, 'कुठलीही अडचण असल्यास' म्हणून कचेरीचा नंबर टाकायचा होता. डॉक्टरांनी तो टाकला. कागद न बघता, तोंडपाठ. तोंडपाठ नंबर मात्र कचेरीचा नव्हता, सासुरवाडीचा होता. दोन्हींत फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. लग्नाआधी दीड वर्ष डॉक्टर तो नंबर फिरवत आले होते. फोन धाकटीसाठी असे आणि उचलत असे थोरली, म्हणजे ताई. टेलिफोन खात्यात मुरलेल्या आवाजात ती विचारी, "कोण हवंय?" एकतीस वर्षांत डॉक्टर पुष्कळ गोष्टी विसरले, पण बोटं तो नंबर विसरली नव्हती.

चूक तिसऱ्या दिवशी लक्षात आली. डॉक्टर तसेच उठले आणि ताईंच्या घरी गेले. अठरा वर्षांपूर्वी नाना गेल्यापासून ताई त्या घरात एकट्याच राहत. नाना म्हणजे त्यांचे वडील, चार वेळा आमदार. हे पत्र त्यांनीच सुरू केलेलं. डॉक्टरांना वाटलं होतं, ताई चिडलेल्या असतील, रिसीव्हर काढून ठेवलेला असेल. दार ढकललं तर ताई खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेल्या. मांडीवर शंभर पानी वही, कानामागे पेन्सिल, दुसऱ्या दोन टोक करून तयार.

"एक मिनिट धरा हं," त्या फोनमध्ये म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, बकरीनं प्लास्टिकची पिशवी गिळली तर काय करायचं?"

"किती वेळ झाला?"

"काल संध्याकाळी."

"रवंथ करते का विचारा. पोट फुगलंय का?"

ताईंनी विचारलं. रवंथ चालू होतं, पोट ठीक होतं. डॉक्टरांनी उपाय सांगितला, ताईंनी तो शब्दागणिक पुढे दिला, फोन ठेवला आणि वहीत बकरीसमोर बरोबरची खूण केली.

"ताई, माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मी आजच भाऊला सांगून..."

"कशाला सांगताय?"

"लोक तुम्हाला त्रास देतायत."

"निवृत्त होऊन पाच वर्षं झाली मला," ताई म्हणाल्या. "पाच वर्षांत या फोनवर चुकून बँकेची माणसं तेवढी बोलली. राहू द्या. मी सांगेपर्यंत कुणाला बोलायचं नाही."

डॉक्टर बोलले नाहीत. बोलायला हवं होतं हे त्यांना कळत होतं. पण ताईंच्या गालांवर जो रंग आला होता तो पाहून त्यांची जीभ वळेना.

इकडे कचेरीत शांतता पसरली. कचेरी चालवायचे भाऊ, दोघी बहिणींच्या मधले. ताईंहून चार वर्षांनी धाकटे, छोटीहून तीन वर्षांनी मोठे. छोटी म्हणजे आमदारबाई. छप्पन वर्षांची बाई, सभागृहात मंत्र्यांना घाम फोडणारी, पण घरात छोटीच. तर भाऊंच्या टेबलावरचा फोन दिवसाकाठी बारा-पंधरा वेळा वाजायचा तो जेमतेम एकदा वाजायला लागला. दुसऱ्या कुणी लाइन तपासून घेतली असती. भाऊंनी निष्कर्ष काढला की लोक समाधानी आहेत. निवडणूक पाच महिन्यांवर आली होती आणि समाधानी लोक ही भाऊंची जुनी आवड होती. त्यांनी पुढच्या अंकाच्या पहिल्या पानासाठी तसं वाक्यही लिहून ठेवलं.

अंक छापायला जाण्याआधी सगळ्या घरानं बसून तो मोठ्यानं वाचायचा, हा नानांच्या वेळचा नेम. जागाही तीच, छापखान्याची मागची खोली. लांबलचक टेबल, त्यावर शाईचे जुने डाग, भिंतीला कागदाचे रीम टेकलेले. छापखाना वहिनींचा. वहिनी म्हणजे भाऊंच्या बायको. माहेरचा धंदा त्यांनी लग्नात हुंड्यासारखा दिला नाही, स्वतःकडेच ठेवला, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दाला वजन होतं. बरोबर बारा वाजता मशीन सुरू होणार म्हणजे होणार, मग आमदार असो नाहीतर आणखी कोणी.

त्या रविवारी दहा वाजता सगळे जमले. डॉक्टरांची लेक संगणकासमोर बसली. पानं तीच लावायची. आमदारबाई चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन पहिलं पान वाचायला लागल्या.

"'प्रिय नागरिकहो, आपल्याला कळवताना आनंद होतो की गेल्या महिन्याभरात कचेरीकडे येणाऱ्या तक्रारींत नव्वद टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. आपल्या परिसरातले प्रश्न मार्गी लागत असल्याचीच ही...'"

"पावती," मागून आवाज आला. "पावती असंच लिहिलं असणार भाऊनं. शाळेपासून त्याला तो शब्द आवडतो."

दारात ताई उभ्या होत्या. काखेत वही. अठरा वर्षांत ताई या वाचनाला आल्या नव्हत्या. आमंत्रण कुणी दिलं नव्हतं. नको म्हणून सांगितलंही कुणी नव्हतं. घराघरांत अशी एखादी खुर्ची असते, जिच्यावर कुणी बसत नाही आणि जी कुणी हलवतही नाही.

"ताई, ये ना," आमदारबाई उठून म्हणाल्या. "बस. अचानक कशी काय?"

"नव्वद टक्के घट झाली म्हणून पाहायला आले."

वहिनींनी स्टूल पुढे सरकवलं. भाऊ डॉक्टरांकडे बघायला लागले, कारण डॉक्टर एकाएकी टेबलावरच्या डागाकडे फार लक्ष देऊन पाहत होते. आजारी जनावर लपवणारा मालक नेमका असाच जमिनीकडे बघतो, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं.

"तक्रारी कमी झाल्या नाहीत," ताई बसत म्हणाल्या. "माझ्याकडे आल्या. तीनशे बारा. गेल्या अंकाचं तिसरं पान काढ ग चिमणे, खालून दुसरी ओळ."

लेकीनं पान उघडलं, नंबर वाचला, आणि हसू दाबायला खोकली. "हा तर नानांच्या घरचा."

"माझी चूक," डॉक्टर म्हणाले. "हात चुकला."

"आणि तुम्हाला कळलं कधी?" भाऊंनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी."

"आज सव्वीस दिवस झाले, डॉक्टर."

"मी सांगू नका म्हटलं," ताई म्हणाल्या. "माणूस शब्दाला जागला, त्याला कशाला बोलतोस?"

आमदारबाई नवऱ्याकडे बघत होत्या. ही नजर डॉक्टरांनी ओळखली. हिचा हिशेब घरी गेल्यावर होणार होता.

"बरं, ताई, मग वही आण इकडे," भाऊ हात पुढे करत म्हणाले. "कचेरीतली मुलं सोमवारपासून एकेकाला फोन करतील. तुला बिचारीला उगाच ताप झाला."

ताईंनी वही दिली नाही. उघडली.

"एकशे सत्याण्णव मी निकालात काढल्या. लोकांना बहुतेक वेळा कुठल्या खिडकीवर जायचं एवढंच माहीत नसतं. एका माणसाचा चष्मा हरवला होता, तो बोलता बोलता त्याच्या डोक्यावर सापडला, ती मी धरलेली नाही. एक आजोबा रोज दहा वाजता फोन करतात. अडचण काही नसते. हवा कशी आहे ते सांगतात. पाणी नऊ जणांचं येत नव्हतं, त्या पाणीवाल्याला मी खात्यातल्या ओळखीतून गाठलं."

"खात्यातल्या ओळखीतून?" आमदारबाईंनी विचारलं.

"छत्तीस वर्षं मी या गावाचे फोन जोडले, छोटे. कोणाचा साहेब किती वाजता जागेवर असतो ते मला पाठ आहे."

वहिनी हसल्या. भाऊ हसले नाहीत. डॉक्टरांना वाटलं, चला, निभावलं. एवढ्यात ताईंनी पान उलटलं आणि चष्मा पुसला. त्यांनी चष्मा पुसला की पुढे काय येतं, हे नाना गेल्यानंतर घरात फक्त डॉक्टरांना माहीत होतं.

"आता बस," ताई म्हणाल्या. "एक्केचाळीस फोन."

"कुठली बस?" आमदारबाई म्हणाल्या.

"तूच लिहिलंस ना, पहिल्या पानावर. 'टेकडी ते मोठं रुग्णालय, सात नंबरची थेट बस सुरू.' टेकडीवरच्या वस्तीतून एक बाई बोलत होत्या. कपडे शिवतात. आईचं रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर शुद्ध करावं लागतं, त्याला साडेसातला पोचावं लागतं. पत्र वाचून त्या मंगळवारी साडेसहाला थांब्यावर गेल्या. थांब्यावर बसायला काही नाही म्हणून आईसाठी घरची खुर्ची डोक्यावर घेऊन गेल्या. आठपर्यंत थांबल्या. बस आली नाही. त्यांना वाटलं, आज चुकली असेल. गुरुवारी पुन्हा गेल्या, पुन्हा खुर्ची घेऊन."

पुढच्या दालनात कामगार मशीनला तेल घालत होता, तेवढाच आवाज.

"त्या भांडल्या नाहीत," ताई म्हणाल्या. "त्यांनी एवढंच विचारलं, की थांबा चुकीचा तर नाही ना. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं त्यांना वाटत होतं."

आमदारबाईंनी हळूच चष्मा काढला. "भाऊ, बस सुरू झाली ना?"

"मंजूर झाली," भाऊ म्हणाले. "परिवहनाचं पत्र आहे आपल्याकडे, सहीशिक्क्याचं. मंजूर झाली म्हणजे आज ना उद्या सुरू होणारच. एका शब्दाचा फरक आहे."

"माझ्या मसुद्यात काय होतं?"

भाऊ टेबलावरचा कागद सरळ करायला लागले.

"'मंजूर' होतं," वहिनी म्हणाल्या. त्या इतक्या सरळ बोलल्या की सगळे त्यांच्याकडे वळले. "मी प्लेट बनवायला घेतली तेव्हा 'मंजूर' होतं. वाचन उरकून तुम्ही सगळे गेलात आणि साडेअकराला यांचा फोन आला, 'सुरू' कर म्हणून. मी म्हटलं, आमदारांना विचारलंत का? हे म्हणाले, विचारलंय."

"तू माझ्या बाजूची की त्यांच्या?" भाऊंनी बायकोला विचारलं.

"मी छापखान्याच्या बाजूची. खाली 'मुद्रक' म्हणून माझं नाव जातं."

आता बोलायची पाळी डॉक्टरांची होती, पण ती घ्या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. भाऊ एकटे पडले होते. डॉक्टरांना गप्प बसणं सोपं होतं, आणि नंबरची चूक तर आधीच हसण्यावारी गेली होती.

"मीही वाचलं होतं," ते म्हणाले. "त्या फोननंतरचं शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी भाऊला विचारलं, सुरू झाली की होणार आहे? तो म्हणाला, तेच ते. मी म्हटलं, बरं. मला माझ्या पानाची घाई होती. आणि खरं सांगायचं तर, पहिलं पान कोण वाचतं असंही मनात आलं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी गिळायला हवं होतं, पण ते बाहेर पडलं होतं. आमदारबाईंनी ते ऐकलं आणि पुढे कधीतरी काढायला बाजूला ठेवलं.

भाऊ उठून खिडकीशी गेले. "सगळे मिळून मला फाडून खा. अठरा वर्षं ही कचेरी मी चालवतो. पाच महिन्यांनी लोक मतं द्यायला जाणार, तेव्हा 'मंजूर'वर कुणी मत देत नाही. आणि ताई, तू सव्वीस दिवस वही भरत बसलीस. पहिल्या दिवशी मला एक फोन केला असतास तर त्या बाईची दुसरी खेप तरी वाचली असती. का नाही केलास? तुला आम्हाला इथे, सगळ्यांसमोर, असं पकडायचं होतं म्हणून?"

डॉक्टरांना वाटलं ताई चिडतील. ताई चिडल्या नाहीत. त्यांनी विचार केला, खरंच विचार केला, आणि मग म्हणाल्या, "त्या बाईचा फोन शुक्रवारी आला. तिच्या दोन्ही खेपा होऊन गेल्या होत्या. शनिवारी तुला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मला ती वही द्यायची नव्हती."

"का पण?"

"कारण नानांचं पत्र चौदा वर्षं मी लिहीत होते. रात्रपाळी करून आले की सकाळी बसायची. ते गेल्यावर पक्षाची माणसं उमेदवारीचं विचारायला घरी आली, दार मीच उघडलं. ते म्हणाले, 'धाकट्या बाई आहेत का?' मी म्हटलं, आहेत, बोलावते. जन्मभर तेच काम केलेलं. कोण हवंय विचारायचं आणि जोडून द्यायचं." त्यांनी वहीवरून हात फिरवला. "मला हवं होतं ते, छोटे. तुझ्या जागी मला जायचं होतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण हवं होतं."

खोलीत बसलेल्या प्रत्येकानं कुठेतरी दुसरीकडे पाहिलं. लेकीनं उगाचच माउस हलवला.

"मला माहीत होतं," आमदारबाई म्हणाल्या.

"माहीत होतं?"

"त्याच दिवशी. तू मला बोलवायला आत आलीस, तेव्हा तू चांगली साडी नेसली होतीस. ते येणार म्हणून. मी पाहिली आणि तरी बाहेर गेले. मलाही हवं होतं." त्यांचा आवाज सभागृहातला राहिला नव्हता. "म्हणून मी तुला कधी वाचनाला बोलावलं नाही. तू समोर बसलीस तर मला वाचता आलं नसतं."

ताईंनी मान हलवली. माफ केलं असं त्यात काही नव्हतं. अठरा वर्षांनी एकदाची दोन्ही टोकं जुळली आणि पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, एवढंच. डॉक्टरांनी आयुष्यात पुष्कळ अडलेल्या गाई सोडवल्या होत्या. वासरू बाहेर येतं त्या क्षणी गोठ्यात अशीच शांतता असते. त्यांनी ही उपमा मनातच ठेवली.

"साडेअकरा," वहिनी म्हणाल्या. "मशीन बाराला."

आमदारबाईंनी स्वतःला सावरलं. "डेपोचा नंबर काय?"

ताईंनी वहीत न बघता सांगितला.

"रविवारी कुणी असतं?"

"चौकशीची खिडकी असते. पण आमदार म्हणून करू नकोस. आमदार म्हटलं की ते खोटं बोलतील. आणि स्पीकरवर ठेव, सगळ्यांना ऐकू दे."

आमदारबाईंनी फोन लावला. पलीकडे एक मुलगी, म्हणजे मुलीचा आवाज, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे असं सांगायला लागली. मग बासरी. मग पुन्हा मुलगी. पाच मिनिटं गेली. भाऊ खिडकीपासून परत येऊन टेबलाशी बसले. आठव्या मिनिटाला आमदारबाई म्हणाल्या, "हे दर वेळी असंच असतं?"

"आज बरंय," ताई म्हणाल्या. "बासरी तरी आहे."

अठराव्या मिनिटाला कुणीतरी उचललं. जांभई देणारा पुरुष होता.

"बोला."

"टेकडीवरून मोठ्या रुग्णालयाला जाणारी सात नंबरची बस किती वाजता सुटते?"

"सात नंबर? अशी बस नाही बाई."

"मंजूर झाली म्हणे."

"मंजूर वीस झाल्यात. गाड्या चौदा, त्यातल्या तीन दुरुस्तीला. चालक कुठून आणायचे? वर्षभर तरी नाव काढू नका."

"पण आमदारांच्या पत्रात तर सुरू झाली म्हणून छापलंय."

"पत्रात काय, छापायला शाई लागते, बस चालवायला डिझेल लागतं." तो आता जागा झाला होता. "तुम्ही असं करा, त्यांनाच विचारा ना. त्या पत्रात तिसऱ्या पानावर खाली एक नंबर आहे बघा. तिथे एक बाई बसतात. फार नीट बोलतात, ऐकून घेतात. माझ्या मेव्हण्याचं नळाचं काम दोन दिवसांत केलं त्यांनी. आमदारापेक्षा त्यांनाच धरा."

"बरं," आमदारबाई म्हणाल्या. "धरते."

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा हसल्या त्या ताई. मग वहिनी, मग लेक तर टेबलावर डोकं ठेवून. आमदारबाई हसत नव्हत्या, पण ओठ दाबून बसल्या होत्या. अखेर त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"पहिलं पान सगळं काढून टाक. लिही. 'सात नंबरची बस सुरू झालेली नाही. ती सुरू झाली असं मी मागच्या अंकात कळवलं, ते खोटं होतं.'"

"'चुकीचं होतं' म्हण," भाऊ म्हणाले. "खोटं म्हणजे फारच होतं. विरोधक हे पान मोठं करून चौकाचौकांत लावतील."

"लावतील."

"छोटे, निवडणूक आहे."

"भाऊ, त्या बाईनं खुर्ची दोनदा नेली. 'खोटं' लिही ग." त्या पुढे सांगत गेल्या. गाड्या किती, चालक किती, वीस मंजूर मार्ग कोणते, पुढच्या अधिवेशनात त्या कोणता प्रश्न विचारणार. मध्येच थांबून त्या ताईंकडे वळल्या. "बस कधी सुरू होईल, काय लिहू?"

"माहीत आहे तुला?"

"नाही."

"मग 'माहीत नाही' लिही. लोक त्यानं रागवत नाहीत. तीनशे बारा माणसांशी बोलले मी, एकदाही कुणी रागावलं नाही त्या शब्दाला."

"आणि ताई, तू कचेरीत ये. टेबल देते, माणूस देते हाताखाली."

"मुळीच नाही. तुझ्या कचेरीत खुर्च्या वाईट आहेत. मी घरीच बरी. एक अट, वही दर आठवड्याला तू वाचायची. भाऊ नाही, तू. आणि नंबर तोच राहू द्या डॉक्टर, पण पुढे लिहा, सकाळी नऊ ते एक. दुपारी मी झोपते."

डॉक्टरांनी ती ओळ टाकली. या वेळी कागद बघून टाकली.

मशीन बाराच्या ऐवजी एकला सुरू झालं. वहिनी कुणाला काही बोलल्या नाहीत, हेच विशेष. भाऊ मात्र चहा न घेता निघून गेले. आमदारबाई दारापर्यंत गेल्या, हाक मारली, ते थांबले नाहीत. त्या परत आल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "जाऊ दे. लहानपणी रुसला की असाच जिन्याखाली जाऊन बसायचा. भूक लागली की येतो."

सोमवारी भाऊ कचेरीत आले नाहीत. फोनही घेतला नाही. डॉक्टरांना चैन पडेना. भाऊनं खोटं छापलं होतं खरं, पण अठरा वर्षं बहिणीच्या मागे सावलीसारखा उभा राहिलेला माणूस होता तो. त्यालाही कुणी कधी 'तुला हवं होतं का' विचारलं नव्हतं.

मंगळवारी पहाटे सहाला डॉक्टरांच्या दारात हॉर्न वाजला. बाहेर भाऊंची जुनी पांढरी गाडी उभी होती. भाऊ दाढी न करता, मफलर गुंडाळून बसले होते.

"चला," ते म्हणाले. "चूक दोघांची आहे."

"कुठे?"

"बसा आधी."

टेकडीचा रस्ता वळणावळणाचा होता. वाटेत भाऊ एकदाच म्हणाले, "पत्ता ताईनं दिला. काल जेवायला गेलो होतो तिच्याकडे." वरच्या वस्तीत निळ्या दाराच्या घरासमोर त्यांनी गाडी थांबवली. शिलाई मशीन खिडकीतूनच दिसत होतं. शिंपीणबाई आईला धरून पायरी उतरत होत्या. त्यांना काय सांगायचं हे भाऊंनी बहुधा वाटेत जुळवून ठेवलं होतं, कारण ते खाली उतरले, घसा साफ केला, आणि त्यातलं काहीच त्यांना आठवलं नाही. त्यांनी नुसतं मागचं दार उघडलं.

म्हातारी बाई दाराशी थबकली. तिनं गाडीकडे पाहिलं, मग भाऊंकडे, आणि लेकीला विचारलं, "हीच का ग ती सात नंबरची?"

शिंपीणबाई अवघडल्या. डॉक्टर पुढच्या सीटवर मान खाली घालून बसले.

"नाही मावशी," भाऊ म्हणाले. "ती अजून सुरू झाली नाही. ती येईपर्यंत मंगळवार, गुरुवार, शनिवार मी येईन. सव्वासहाला. दारापर्यंत."

"मग ठीक आहे," म्हातारी म्हणाली आणि त्यांच्या हाताचा आधार घेऊन गाडीत चढली. बसल्यावर तिनं सीट हातानं दाबून पाहिली. "चांगली मऊ आहे. बसपेक्षा बरी. फक्त अहो, जरा हळू चालवा. मला वळणावर मळमळतं."

भाऊंनी गाडी हळू काढली. टेकडी उतरेपर्यंत त्यांनी एकदाही तिसऱ्या गिअरच्या वर हात नेला नाही, आणि मागे चार गाड्या हॉर्न देत होत्या तरी आरशात पाहिलं नाही.